गंजलेली एमजीबी उभी करताना: काय मोजायचं, काय कापायचं, कोणत्या क्रमानं

ब्रिटनमध्ये जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची म्हटलं की एमजीबीचं नाव आधी येतं. १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यातून पाच लाखांहून जास्त एमजीबी बाहेर पडल्या. म्हणूनच आजही तिचा जवळजवळ प्रत्येक सुटा भाग नवा मिळतो. इंजिन साधं, वायरिंग साधं, पाने-पक्कड घेऊन घरच्या गॅरेजमध्ये बहुतेक कामं होतात. खरा प्रश्न पत्र्याचा असतो. या गाडीला वेगळी चॅसी नाही, बॉडी हाच तिचा सांगाडा. त्यामुळे गंज दिसण्यापुरता राहत नाही, तो गाडीचा कणा खातो. चुकीच्या क्रमानं पत्रा कापला तर गाडी मधून वाकते, आणि वाकलेली बॉडी रंगानं सरळ होत नाही.

हा लेख इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये राहून पहिल्यांदाच असं काम हाती घेणाऱ्यांसाठी आहे. बॉडीवर जास्त लिहिलं आहे, कारण नव्या माणसाचे पैसे आणि उमेद तिथेच संपते.

१. गाडी घेण्याआधी: गंज कुठे लपतो

चकचकीत रंगाला भुलू नका. सोबत तीन गोष्टी न्या: पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक, हातातला टॉर्च आणि जुना स्क्रू-ड्रायव्हर. चुंबक जिथे चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. (१९६० च्या दशकातल्या गाड्यांचं बॉनेट मात्र अ‍ॅल्युमिनियमचं असतं. तिथे चुंबक चिकटलं नाही तर घाबरू नका.)

तपासायच्या जागा, महत्त्वाच्या क्रमानं:

सिल. दाराखालचा पुढून मागे जाणारा पोकळ पत्र्याचा खोका. याला तीन थर असतात: बाहेरचा सिल, मधला उभा पत्रा आणि आतला सिल. खाली फरशीच्या कडेला कॅसल रेल नावाची खाचाखाचांची पट्टी जोडलेली असते. ही सगळी मिळून गाडीची ताकद. बाहेरचा पत्रा नवा दिसतो म्हणून आतले थर शाबूत आहेत असं अजिबात धरू नका.

दाराची मागची फट. दार आणि मागचा पंखा (विंग, म्हणजे चाकावरचा बाहेरचा पत्रा) यांच्यामधली फट वरपासून खालपर्यंत सारखी हवी. वर अरुंद आणि खाली रुंद असेल तर गाडी मधून खचली आहे. मग बाजूच्या जॅकिंग पॉइंटला जॅक लावून गाडी थोडी उचला आणि दार उघडून लावून पाहा. दार अडकत असेल किंवा जॅकखालचा पत्रा चुरचुरत असेल तर सिल संपलेत असं समजा.

मागच्या पट्टा-स्प्रिंगची पुढची बैठक. ही सिलच्या मागच्या टोकाजवळ, सीटच्या मागे गाडीखाली असते. इथला गंज सर्वात धोक्याचा, कारण मागचा अ‍ॅक्सल याच जागी पकडलेला असतो.

पुढच्या चाकाच्या मागची पोकळी. चाकामागे चिखल अडवणारा एक पत्रा आणि त्याच्या कडेला रबर असतं. रबर सुकलं की चिखल आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ आत जाऊन बसतं, ओलं राहतं आणि दाराच्या बिजागरीचा खांब खालून खातं. बाहेरून याचा पत्ता लागत नाही. पुढच्या पंख्याच्या खालच्या मागच्या कोपऱ्यात फोड दिसले तर आत बरंच काही गेलंय असं समजा.

सीटमागच्या बॅटरीच्या पेट्या, डिकीचा तळ आणि पेट्रोल टाकीचा वरचा पत्रा. टाकी डिकीखाली टांगलेली असते. दोन्हीमध्ये ओल अडकते आणि टाकी वरून सडते. खालून पाहिलं तर ती ठणठणीत दिसते.

दाराच्या बाहेरच्या पत्र्यावर छोट्या तिकोनी काचेखाली आलेली चीर मात्र फारशी मनावर घेऊ नका. हा या गाडीचा जुनाच दोष, तो दुरुस्त होतो.

वरच्या यादीतल्या पहिल्या चार जागा दोन्ही बाजूंनी गेलेल्या असतील तर एक हिशेब आधी करा. विटनी इथली ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था १९८८ पासून मूळ साच्यांवर एमजीबीची अख्खी नवी बॉडी बनवते. ती स्वस्त नाही. पण दोन सिल, फरशा, पंखे, बिजागरीचे खांब, डिकीचा तळ आणि शंभर-शंभर तासांची वेल्डिंग यांची बेरीज मांडली तर कधी कधी नवी बॉडीच परवडते. हा निर्णय पहिला पत्रा कापण्याआधी घ्यायचा. अर्धी गाडी कापून झाल्यावर घेतला तर दोन्हीकडचे पैसे जातात.

२. कागदपत्रं

गाडी गॅरेजमध्ये बंद राहणार असली तरी कागद पहिल्या आठवड्यात पूर्ण करा.

- व्ही ५ सी, म्हणजे नोंदणी-पुस्तिका. विक्रेत्याकडे नसेल तर व्ही ६२ फॉर्म भरून डीव्हीएलए या वाहन-नोंदणी खात्याकडून नवी मागवता येते, पण नसल्याचं कारण व्यवहाराआधी विचारा.
- सॉर्न. गाडी रस्त्यावर नाही असं जाहीर करणं. कर भरलेला नसेल आणि सॉर्नही नसेल तर दंड येतो. आधीच्या मालकाचा सॉर्न तुम्हाला लागू होत नाही, आपल्या नावावर नव्यानं करावा लागतो.
- गाडीवरचा क्रमांक. प्लेटवरचा क्रमांक आणि व्ही ५ सी वरचा क्रमांक अक्षर-अंक जुळवून पाहा. सुरुवातीची अक्षरंही बोलतात: जीएचएन म्हणजे उघडी रोडस्टर, जीएचडी म्हणजे छपराची जीटी.
- गेडनच्या ब्रिटिश मोटर म्युझियमकडून मिळणारा हेरिटेज दाखला. गाडी कधी बनली, मूळ रंग आणि इंजिन क्रमांक काय होता हे त्यात असतं. रंग ठरवण्याआधी मागवा.
- विमा. काम चालू असताना आग आणि चोरीपुरता मिळतो. फोटो जपून ठेवा, पुढे ठरलेल्या किमतीचा विमा काढताना लागतात.

चाळीस वर्षांहून जुनी गाडी ऐतिहासिक गटात नोंदवता येते, तिला रस्ता-कर भरावा लागत नाही आणि बहुतेकदा गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का हे पाहणाऱ्या एमओटी तपासणीचीही सक्ती नसते. अट अशी की गेल्या तीस वर्षांत गाडीत मोठे फेरफार झालेले नसावेत. मूळ नमुन्याचीच नवी बॉडी बसवली तर तो मोठा फेरफार धरत नाहीत. सक्ती नसली तरी काम संपल्यावर एमओटी करून घ्याच. तुमच्या वेल्डिंगकडे त्रयस्थाची नजर जाण्याची ती एकमेव संधी असते.

३. हत्यारं आणि सामान

- गॅसवर चालणारा मिग वेल्डर, साधारण १५० अ‍ॅम्पियरचा, ०.६ मिमी तार. आर्गॉनमध्ये थोडा कार्बन डायऑक्साइड असलेलं मिश्रण. बिनगॅसच्या तारेचा वेल्डर पातळ पत्र्याला भोकं पाडतो, तो घेऊ नका.
- साडेचार इंची ग्राइंडर, १ मिमी कटिंग चकत्या, वायर ब्रश.
- स्पॉट-वेल्ड (कारखान्यातले ठिपक्यांसारखे वेल्ड) काढायचं ड्रिल बिट. तीन-चार घ्या, बोथट होतात.
- निदान दहा पकड-चिमटे. कमी पडतातच.
- सांगाड्याच्या भागांसाठी १.२ मिमी आणि बाहेरच्या कातडीसाठी ०.९ मिमी पत्रा.
- २५ मिमी चौकोनी लोखंडी पाइप, आधारासाठी.
- इंची पाने. या गाडीचे बहुतेक नट अमेरिकन-ब्रिटिश एकत्रित मापाचे आहेत: ७/१६, १/२ आणि ९/१६ हे तीन पाने हातातून सुटणार नाहीत. मिलिमीटरचा पाना लावून नटाचे कोपरे घासू नका.
- आग विझवायचं साधन दोन. एक हाताशी, एक दाराशी.

४. उघडताना

पहिला नियम: अख्खी गाडी एकदम उघडू नका. अर्धवट सोडून विकायला काढलेल्या गाड्या बहुतेक अशाच असतात, सगळं सुटं आणि कशाचा कशाला पत्ता नाही. पत्र्याच्या कामाला जेवढं लागतं तेवढंच काढा: सीट, गालिचे, पेट्रोल टाकी, बॅटरी, पेट्रोलच्या नळ्या, पुढचे पंखे. प्रत्येक बोल्ट काढण्याआधी फोटो, प्रत्येक जागेचे बोल्ट वेगळ्या पिशवीत, पिशवीवर जागेचं नाव.

पुढचे पंखे बोल्टनं बसवलेले असतात. गंजलेल्या बोल्टना दोन-तीन दिवस आधीपासून भेदक तेल द्या. वरच्या रांगेतले बोल्ट बॉनेटच्या पन्हळीत, काही बिजागरीच्या खांबाशी आणि काही डॅशबोर्डच्या टोकामागे आतून. शेवटचे लोक विसरतात, मग पंखा ओढून वाकवतात.

वेल्डिंग सुरू होण्याआधी बॅटरी आणि अल्टरनेटर दोन्ही सोडवा. १९६७ पर्यंतच्या गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं, नंतर ऋण. उलटी बॅटरी जोडल्यानं अल्टरनेटर जळतो, म्हणून आत्ताच एका चिठ्ठीवर लिहून बॅटरीच्या पेटीत चिकटवा.

५. मापं आणि आधार

हे काम दोन दिवस खातं आणि हाताला काहीच लागत नाही, म्हणून लोक टाळतात. टाळू नका.

गाडी सपाट काँक्रीटवर चार भक्कम स्टँडवर ठेवा: पुढे सस्पेंशनच्या आडव्या तुळईखाली, मागे अ‍ॅक्सलखाली. पुढून-मागून आणि डावी-उजवीकडून लेव्हल लावा. फक्त टोकांना टेकू दिला तर रोडस्टर मध्ये झोळ धरते. म्हणून सीटखालच्या आडव्या पट्टीखाली जॅक आणि लाकडाचा ठोकळा लावा. आता दार बंद करून मागची फट पाहत जॅक अगदी हलके वर घ्या. वरची अरुंद फट उघडत जाते आणि खालची मिटत जाते. दोन्ही सारख्या, साधारण ४ मिमी झाल्या की थांबा. जीटीला छपराचा आधार असतो, ती कमी खचते, पण मापं तिचीही घ्यायचीच.

मग ही मापं वहीत लिहा: दाराच्या चारही बाजूंच्या फटी, बिजागरीच्या खांबापासून मागच्या खांबापर्यंतचं अंतर वर आणि खाली, आणि दाराच्या चौकटीचे दोन्ही कर्ण.

आता चौकोनी पाइप दोन्ही खांबांच्या मध्ये आडवा आणि तिरपा टाचून घ्या. दार बसेल अशा बेतानं, आतल्या बाजूनं. दार बसत नसेल तर आधार काही कामाचा नाही, कारण पुढच्या प्रत्येक पायरीला दार हेच तुमचं माप आहे.

६. सिल बदलणे

एका वेळी एकच बाजू. एक बाजू पूर्ण वेल्ड होऊन थंड झाल्याशिवाय दुसऱ्या बाजूला ग्राइंडर लावायचा नाही.

बाहेरचा सिल दिसतो त्याहून लांब आहे. पुढे तो पंख्यामागे जातो, मागे मागच्या पंख्याच्या आत शिरतो. म्हणून पुढचा पंखा काढावा लागतो आणि मागच्या पंख्याचा खालचा भाग कापून नंतर दुरुस्तीचा तुकडा बसवावा लागतो. बाजारात दाराखालच्या दिसणाऱ्या भागावर चढवायचे झाकण-सिल मिळतात. स्वस्त आहेत, अर्ध्या दिवसात बसतात, आणि कुजलेल्या सिलवर नवा पत्रा झाकून ओल कायमची आत कोंडतात. तुम्ही विकत घेतलेल्या गाडीवर असे एकावर एक दोन थर निघाले तरी नवल नाही. ते सगळे काढायचे.

कामाचा क्रम असा ठेवा.

आधी बाहेरचा सिल मधोमध लांबीला कापा आणि खालचा अर्धा काढा. वरचा अर्धा थोडा वेळ राहू द्या. आता मधला उभा पत्रा दिसेल. त्याच्या खालच्या दोन-तीन इंचांची बहुतेकदा चाळण झालेली असते. शुद्ध पत्रा लागेपर्यंत वायर ब्रशनं साफ करा. खपल्या निघून चमकदार आणि टोचलं तरी न वाकणारा पत्रा दिसला की तिथे कापायची रेघ मारा. गंजाच्या कडेवर वेल्ड धरत नाही, पत्रा वितळून भोक मोठं होत जातं. दोन सेंटिमीटर जास्त कापणं नेहमी स्वस्त पडतं.

मग वरचा अर्धा, मधला पत्रा आणि कॅसल रेल काढा. स्पॉट-वेल्ड ड्रिलनं सोडवा, छिन्नीनं ओरबाडू नका. फरशीची कडा वाकली तर नवी रेल बसत नाही. फरशीही गेली असेल तर ती याच वेळी बदला, सिल बंद केल्यावर नाही.

जोडताना आतून बाहेर: आतल्या सिलची दुरुस्ती, फरशी, कॅसल रेल, मधला पत्रा, बाहेरचा सिल. सगळे भाग आधी नुसते चिमट्यांनी धरा. पुढचा पंखा दोन-चार बोल्टवर लटकवा, दार लावा, फटी वहीतल्या मापांशी ताडून पाहा. नवे पत्रे जसेच्या तसे बसत नाहीत, थोडं घासावं-वाकवावं लागतं. फटी जमल्या की टाचा, पुन्हा दार लावून पाहा, मगच पूर्ण वेल्ड करा.

जिथे कारखान्यात स्पॉट-वेल्ड होते तिथे भोक-वेल्ड करा: वरच्या पत्र्याला ६ मिमीची भोकं, दर २५ ते ३० मिमीवर एक, खालचा पत्रा उघडा-चमकदार. वेल्डरचं टोक भोकाच्या मध्यावर धरून खालच्या पत्र्यापासून सुरुवात करा, कडेला फिरवत वर भरा. कडेपासून सुरुवात केली तर वरून सुंदर दिसतं पण खाली चिकटत नाही. आधी दोन भंगार तुकडे जोडून चिमट्यानं फाडून पाहा. वेल्ड सुटायला नको, पत्रा फाटायला हवा. तोडजोडीच्या ठिगळांना मात्र कडेनं सलग वेल्ड लागतो, एमओटीवाले सांगाड्याच्या ठिगळात तेच पाहतात. सलग म्हणजे एका दमात नाही. दहा-पंधरा मिलिमीटरचा टाका, मग हातभर दूर दुसरा, पहिला थंड झाल्यावर त्याच्या शेजारी तिसरा. घाईनं पत्रा तापून लाटांसारखा उठतो.

दोन पत्र्यांच्या मिळणाऱ्या कडांना झिंकचा वेल्डिंग-प्रायमर द्या, पण नेमकं वेल्डच्या जागेवरचं खरवडा. झिंकच्या धुरानं रात्री ताप भरतो, दारं उघडी ठेवा आणि धुराचा मास्क घाला. आणखी एक इशारा जिवाचा आहे: काही ब्रेक-क्लीनरमध्ये क्लोरीनयुक्त द्रव असतो. त्यानं पुसलेल्या ओल्या पत्र्यावर वेल्डिंग केलं तर फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. वेल्डिंगआधी पुसायला अ‍ॅसिटोन वापरा आणि ते पूर्ण वाळू द्या.

गाडीखालचा जुना डांबरी लेप वेल्डच्या उष्णतेनं पेटतो, आणि तो आतून, दिसत नसताना पेटतो. दोन्ही बाजूंनी हातभर खरवडून काढा. काम संपल्यावर एक तास गॅरेज सोडू नका.

७. उरलेला गंज

स्प्रिंगची बैठक आणि बिजागरीचा खांब यांचे तयार तुकडे मिळतात, पद्धत सिलसारखीच. स्प्रिंगच्या बैठकीचं वेल्डिंग पहिलंच काम म्हणून करू नका. हात बसल्यावर करा, किंवा जाणत्या वेल्डरकडून करून घ्या.

मोठ्या सपाट पत्र्यांवर वाळूचा मारा करून घेऊ नका. बॉनेट आणि दारं जोरदार माऱ्यानं ताणली जातात आणि कायमची डब्यासारखी टणटण वाजतात. सांगाड्याला वाळू चालते, कातडीला रंग काढायचं रसायन आणि हात.

छोट्या सुट्या भागांसाठी दोन पद्धती उत्तम. पहिली मळीची: एक भाग मळी, नऊ-दहा भाग पाणी, भाग बुडवून दोन-तीन आठवडे. साखर कारखान्याचा वास ओळखीचा असलेल्यांना सांगायला नको, टब घरापासून लांब ठेवा. इंग्लंडमध्ये ही मळी घोड्यांच्या चाऱ्याच्या दुकानात डब्यानं मिळते. अ‍ॅल्युमिनियम तिच्यात घालू नका, ते खाऊन टाकते. दुसरी विजेची: बादलीत धुण्याचा सोडा घातलेलं पाणी, गंजलेला भाग बॅटरी चार्जरच्या ऋण टोकाला, भंगार लोखंड धन टोकाला. धन टोकाला स्टेनलेस स्टील कधीही लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. हायड्रोजन निघतो, म्हणून हे उघड्यावर.

गंज बदलून काळा करणारी रसायनं पातळ पृष्ठभागी गंजासाठी ठीक. खपल्यांवर फासली तर खालचा गंज चालूच राहतो.

८. प्रायमर, सीलर, मेण

ब्रिटनच्या हवेत उघडा पत्रा एका रात्रीत तांबूस होतो. साफ केलेला पत्रा त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमरखाली जायला हवा. त्यावर सांध्यांना सीलर, मग भराव प्रायमर, मग रंग. कॅसल रेलच्या खाचा पाणी निघून जायला आहेत, त्या सीलरनं बुजवू नका. बुजवल्या तर नवा सिल काही वर्षांत आतून पुन्हा जातो.

हार्डनर घालायच्या दोन-घटकी रंगात आयसोसायनेट असतं. साधा कोळशाचा मास्क त्याला पुरेसा नाही, बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. ही सोय नसेल तर शेवटचा रंग रंगशाळेत द्या. यात कमीपणा नाही.

पोकळीतलं मेण सर्वात शेवटी, रंग पक्का वाळल्यावर. आधी मारलं तर रंगाला माशासारखे डोळे पडतात. मेणाचा डबा गरम पाण्यात ठेवा, पातळ झालं की लांब नळीनं सिल, खांब आणि चाकामागच्या पोकळीत मारा. खालच्या भोकांतून टपकू लागलं म्हणजे पोचलं. दुसऱ्या दिवशी तीच भोकं तारेनं मोकळी करा.

९. यंत्राची बाजू

अडकलेलं इंजिन: स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं, काही दिवस थांबा, मग पुढच्या नटावर पाना लावून हळू हलवा. स्टार्टरनं जोर लावायचा नाही.

ब्रेकमध्ये जुनं काहीही ठेवू नका: होज, सिलिंडर, नळ्या, सगळं नवं. नळ्या तांबे-निकेलच्या घ्या, त्या गंजत नाहीत.

२०२१ पासून ब्रिटनमधलं साधं पेट्रोल ई-१० आहे. त्यातलं इथेनॉल जुनी रबरी नळी फोडतं. ई-५ सुपर भरा आणि सगळ्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या लावा. शिसं नसलेल्या पेट्रोलनं जुन्या हेडच्या व्हॉल्व्ह-सीट झिजतात, हेड उघडलंच असेल तर कडक सीट बसवून घ्या.

पहिल्या शंभर मैलांनंतर पुन्हा गाडीखाली जा: स्प्रिंगचे यू-बोल्ट, चाकं, ब्रेकच्या नळ्यांचे सांधे, आणि पहिल्या जोरदार पावसानंतर सिलखालच्या भोकांतून पाणी बाहेर येतंय का ते.